खिडकीच्या कोणत्या बाजूने? : सत्य दरोड्यांवरील चित्रपट आणि त्यांची समीक्षा

‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी पडद्यावर उमटली की परीक्षकाचे काम दुपटीने अवघड होते. कल्पित कथेविषयी लिहिताना कलाकृती कशी उतरली आहे एवढ्या एका प्रश्नावर त्याचे भागत असे. आता त्या प्रश्नाच्या शेजारी दुसरा येऊन बसतो, की जे दाखवले ते तसेच घडले काय. आणि या दोन्ही प्रश्नांचे कैवारी वाचकांत असल्यामुळे एकाचे समाधान करताना दुसऱ्याची नाराजी पत्करणे त्याला भाग पडते. बँका, पेढ्या आणि तिजोऱ्या लुटल्या जाण्याच्या खऱ्या प्रकरणांवरून जे चित्रपट निघाले, त्यांची पारख कोणी, कशी आणि कोणत्या निकषांवर केली, हा पुढील लेखांचा विषय आहे. त्या लेखांकडे वळण्यापूर्वी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे, आणि तेवढी एकच सांगण्याकरिता हे प्रास्ताविक मी लिहीत आहे. वरील दोन प्रश्नांखेरीज एक तिसरा प्रश्न आहे, जो परीक्षणांतून क्वचितच विचारला जातो: कॅमेरा रोखपालाच्या खिडकीच्या कोणत्या बाजूला उभा आहे? लुटणाऱ्याच्या, की ज्याचे लुटले गेले त्याच्या? माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटाची कलादृष्ट्या खरी परीक्षा याच प्रश्नापाशी होते, आणि समीक्षकाने तो नीतीचा म्हणून दूर सारला तर त्याचे कलेविषयीचे बोलणेही अपुरे राहते.

दरोड्याची कथा पडद्याला इतकी मानवते याचे कारण उघड आहे. त्या कथेची रचना कर्त्याने आधीच करून ठेवलेली असते. बेत, माणसांची निवड, वेळेची मोजणी, ऐनवेळची अडचण, पलायन आणि पाठलाग हे सारे टप्पे घटनेतच क्रमाने मांडलेले असल्यामुळे पटकथाकाराला नवे रचावे असे फारसे उरत नाही. अमेरिकेत १९०३ साली एडविन पोर्टर यांनी आगगाडीच्या लुटीवर जो बोलपट-पूर्वकाळातील लघुपट काढला, तेव्हापासून हे ध्यानात आलेले आहे. परंतु हीच सोय सापळाही ठरते. बेत ज्याचा, त्याचीच कथा होते. ज्याच्यावर तो बेत कोसळतो त्याच्यापाशी बेत नसतो, असते ती नेहमीची सकाळ, रोजचे काम आणि मग अकस्मात कोसळलेली आपत्ती. आणि नाट्यशास्त्राच्या दृष्टीने अशा मनुष्याला पात्र बनविणे कठीण असल्यामुळे तो कथेच्या कडेला, कित्येकदा केवळ भिंतीला पाठ लावून हात वर केलेला असा, उभा राहतो.

महाराष्ट्रातील या प्रकारचे सर्वांत गाजलेले प्रकरण बँकेचे नव्हते, सराफी पेढीचे होते. परंतु त्यावरील चित्रपटाची जी पारख झाली ती या विषयाच्या अंतरंगात नेणारी असल्यामुळे तिच्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे. १७ मार्च १९८७ रोजी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात एक जाहिरात आली. गुप्तवार्ता अधिकारी व सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी ताजमहाल हॉटेलात मुलाखती झाल्या, सव्वीस उमेदवार निवडले गेले, त्यांना ओळखपत्रे मिळाली, आणि १९ तारखेला प्रशिक्षणातील सरावाची धाड म्हणून त्यांना बसमधून ऑपेरा हाउस येथील त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानात नेण्यात आले. स्वतःला मोनसिंग म्हणविणाऱ्या म्होरक्याने झडतीचे वॉरंट दाखवले, मालकाचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर ताब्यात मागितले, चित्रण करणारे कॅमेरे बंद करविले, कोणी जागचे हलायचे नाही व फोन करायचा नाही असे फर्मावले. दागिन्यांचे ‘नमुने’ आणि रोकड सरकारी मोहोर असलेल्या पॉलिथिनच्या पिशव्यांत भरली, आणि पाऊण तासात, उमेदवारांना दुकानावर नजर ठेवण्यास सांगून, तो मुद्देमालासह निघून गेला. तीस ते पस्तीस लाखांचा ऐवज त्याच्याबरोबर गेला. मोनसिंग पुढे कधीच हाती लागला नाही.

या घटनेवर नीरज पांडे यांनी केलेला ‘स्पेशल २६’ हा हिंदी चित्रपट ८ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रदर्शित झाला. अक्षय कुमार, अनुपम खेर, मनोज बाजपेयी, जिमी शेरगिल अशी तालेवार मंडळी त्यात होती, आणि परीक्षकांनी त्याचे स्वागत एकंदरीत मोकळ्या मनाने केले. पटकथेची घट्ट वीण, ऐंशीच्या दशकातील गाड्या, कपडे, टेलिफोन व कचेऱ्यांचे वातावरण, तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेतील बाजपेयींचा संयत त्वेष आणि अखेरीस प्रेक्षकाला चकवून जाणारी कलाटणी यांचे कौतुक झाले. नायकाचे प्रेमप्रकरण आणि त्यानिमित्त घातलेली गाणी यांमुळे कथेची गती मंदावते, असा दोषही बहुतेकांनी दाखविला. हा अभिप्राय मला कारागिरीपुरता रास्त वाटतो, आणि चित्रपट मीही आनंदाने पाहिला आहे. तोतया अधिकाऱ्याने आवाज चढविताच घरमालकाचे अवसान गळते ही जी मुख्य कल्पना आहे, तिच्यात आपल्या समाजातील सरकारी शिक्क्याच्या धाकाचे निदान इतके अचूक आहे की, त्या एका गोष्टीसाठी तो पाहावा असे मी कोणालाही सांगेन.

परंतु चित्रपटाचे नाव ज्या सव्वीस जणांवरून पडले त्यांचे काय? १९८७ सालचा बेकार पदवीधर कसा होता हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ती जाहिरात त्याच्या डोळ्यांनी एकवार वाचावी. सेवायोजन कार्यालयातील नोंदणीचे कार्ड नूतनीकरण करून करून मऊ पडलेले, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळून मिळविलेल्या, पोस्टल ऑर्डरीचे पैसे घरून मागून आणलेले. आणि अशात एके दिवशी वृत्तपत्रात केंद्र सरकारच्या सेवेची जाहिरात येते, मुलाखत ताजमध्ये होते, निवड होते, हातात ओळखपत्र पडते. त्या रात्री सव्वीस घरांत काय बोलणे झाले असेल! दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मुले एका लुटलेल्या दुकानात पहारा देत उभी असतात, आणि ज्यांच्यावर साहेब म्हणून मिरवायचे स्वप्न पाहिले तीच ओळखपत्रे पोलिसांपुढे खुलाशासाठी काढावी लागतात. सराफाचे सोने गेले. या मुलांचे जे गेले त्याची फिर्याद नोंदविण्यास कोणत्याही पोलीस ठाण्यात रकाना नव्हता. चित्रपटात मुलाखतींचा प्रसंग आहे आणि तो रंजकही उतरला आहे, परंतु कॅमेरा तेथे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूने बसलेला आहे. उमेदवार येतात, हसू आणतात आणि जातात. पुढे ते गर्दी होतात. ज्या परीक्षणांनी प्रेमगीतांनी घेतलेली मिनिटे काटेकोरपणे मोजली, त्यांतली फारच थोडी या उणिवेकडे वळली. आणि ही उणीव केवळ करुणेची नव्हे, नाट्याची आहे, कारण त्या सव्वीस जणांपैकी एकाची जरी मनःस्थिती चित्रपटाने धरून ठेवली असती, तरी शेवटच्या कलाटणीतील चातुर्याला एक वजन आले असते, जे आज तीत नाही.

याच चित्रपटावरून २०१८ साली विघ्नेश शिवन यांनी सूर्या या अभिनेत्यास घेऊन ‘ताना सेर्न्द कूट्टम’ हा तमिळ चित्रपट केला, आणि त्यात नायक स्वतःच भ्रष्टाचारापायी सरकारी नोकरी हुकलेला तरुण आहे. बेकार उमेदवार अशा रीतीने कथेच्या मध्यभागी आला खरा. परंतु तो आला तो लुटणाऱ्याच्या कृत्याचे समर्थन घेऊन. म्हणजे मूळ घटनेत फसविला गेलेला तरुण आणि फसविणारा म्होरक्या यांना एकाच देहात बसवून दोघांमधील प्रश्नच मिटवून टाकण्यात आला. दोन रूपांतरे शेजारी ठेवून पाहण्याची ही संधी समीक्षेने घ्यावयास हवी होती.

येथे कोणी म्हणेल की, दरोडेखोराला नायक करणे ही या चित्रप्रकाराची रूढीच आहे, आणि रूढीबद्दल एकट्या चित्रपटाला जबाबदार धरणे अन्याय्य होय. हा आक्षेप गंभीर आहे. याच मुद्द्यावर चित्रपटसमीक्षेच्या इतिहासातील सर्वांत मोठे रण माजले होते, आणि ते ‘बॉनी अँड क्लाइड’ या आर्थर पेन यांच्या चित्रपटावरून. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ परीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याच्यावर कडाडून हल्ला चढविला, आणि एकदा लिहून त्यांचे समाधान न झाल्याने पुनःपुन्हा चढविला. टेक्सस व आसपासच्या राज्यांत १९३० नंतरच्या मंदीत लूट आणि खून करीत फिरलेल्या जोडप्याला गोजिरवाणे करून दाखविणे त्यांना असह्य वाटले. न्यूजवीकचे जो मॉर्गनस्टर्न यांनी प्रथम प्रतिकूल लिहिले, पुन्हा चित्रपट पाहिला, आणि पुढच्याच अंकात स्वतःचे मत जाहीरपणे मागे घेतले. त्यानंतर समीक्षक पॉलीन केल यांचा तो दीर्घ निबंध आला, जो न्यू रिपब्लिकने नाकारला होता व ऑक्टोबरात न्यूयॉर्करने छापला. त्यात त्यांनी चित्रपटाची बाजू इतक्या समर्थपणे मांडली की वाऱ्याची दिशाच बदलली. १९६८ च्या आरंभी क्राउदर यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या. जुन्या समीक्षेचा पराभव आणि नव्या समीक्षेचा उदय अशी ही हकीकत तेव्हापासून सांगितली जाते.

केल यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे. चित्रपटातील हिंसा पाहणाऱ्याला बोचते, म्हणूनच ती प्रामाणिक आहे, हे त्यांनी ओळखले, आणि क्राउदर यांना ते ओळखता आले नाही. पण क्राउदर हरले म्हणून त्यांची शंकाही खोटी ठरली असे समजणे घाईचे होईल. त्या टोळीच्या हातून मेलेल्यांत बहुतांश पोलीस अंमलदार होते, आणि त्यांनी लुटल्या त्यांत बँकांपेक्षा किराणा दुकाने व पेट्रोलचे पंप यांचाच भरणा अधिक होता. बँक लुटणारा गरिबांचा कैवारी ही प्रतिमा काही अंशी त्यांनी स्वतःच घडविली होती, कारण १९३३ साली जॉप्लिन येथील घर सोडून पळताना त्यांच्या मागे राहिलेली छायाचित्रे, त्यांतील बंदुकीसह घेतलेल्या ऐटबाज पवित्र्यांसह, वृत्तपत्रांनी देशभर छापली. १९३४ च्या मे महिन्यात त्यांचा अंत घडवून आणणारा फ्रँक हेमर हा अधिकारी चित्रपटात हास्यास्पद व सूडबुद्धीचा दाखविला गेला, तेव्हा त्याच्या विधवा पत्नीने निर्मात्यांवर दावा लावला आणि १९७१ साली तो तडजोडीने मिटला. कोर्टातील तो दावा हेही एक परीक्षणच होते, आणि ते खिडकीच्या दुसऱ्या बाजूने लिहिलेले होते. नामवंत समीक्षकांच्या वादात त्या बाईचा उल्लेख होत नाही, ही गोष्ट मला खटकते.

दोन्ही बाजू एकाच चौकटीत धरता येतात याचा पुरावा ‘बॉनी अँड क्लाइड’नंतर आठच वर्षांनी मिळाला. २२ ऑगस्ट १९७२ रोजी ब्रुकलिनमधील चेस मॅनहॅटन बँकेच्या एका शाखेत जॉन वॉयटोविच व त्याचा साथीदार शिरले आणि चौदा तास आतील कर्मचाऱ्यांसह कोंडले गेले. त्यावरून सिडनी ल्युमेट यांनी १९७५ साली ‘डॉग डे आफ्टरनून’ केला. अल पचिनोच्या अभिनयाची तारीफ सर्वांनीच केली, फ्रँक पियर्सन यांच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. पण मला तो थोर वाटतो तो बँकेतल्या बायकांमुळे. त्या घाबरतात, चिडतात, नवऱ्याला फोन करतात, दरोडेखोराला टाकून बोलतात. प्रमुख रोखपाल बाईला बाहेर पडण्याची संधी मिळते तेव्हा आपल्या मुलींना सोडून मी जाणार नाही म्हणून ती परत आत येते. लुटणाऱ्याविषयीची सहानुभूती तेथे जराही कमी होत नाही, आणि लुटल्या जाणाऱ्यांच्या माणूसपणाला तिच्यामुळे ओरखडाही जात नाही. विशेष म्हणजे तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात वॉयटोविचने हा चित्रपट तीसच टक्के खरा असल्याचा दावा केला, आणि खऱ्या घटनेत मारला गेलेला त्याचा अठरा वर्षांचा साथीदार पडद्यावर चाळिशीकडे झुकलेल्या जॉन कझाल याने उभा केला होता. तपशिलाच्या सत्यात एवढी तूट असूनही चित्रपट खोटा वाटत नाही. जे परीक्षक घडले तसेच दाखवले काय एवढेच तपासतात, त्यांना या गोष्टीचा उलगडा होणार नाही. खिडकीच्या दोन्ही बाजू ज्याने पाहिल्या त्याच्या हातून वयाची चूक झाली तरी चालते.

लुटणाऱ्याच्या तोंडून कथा ऐकण्याची सवय आपल्याला कोठून लागली याचा विचार करू लागले म्हणजे माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाचे लक्ष साहजिकच उत्तरेकडे, जबलपूरच्या रस्त्याकडे जाते. तेथे विल्यम स्लीमन यांनी १८३० च्या सुमारास ठगांविरुद्ध जी मोहीम चालविली तिचा सारा डोलारा माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. पकडलेल्या ठगाला जीवदान द्यायचे, त्याची जबानी लिहून घ्यायची, तिच्या आधारे दुसऱ्याला पकडायचे, अशी ती पद्धत. मेडोज टेलर यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलेली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी याच दप्तरखान्याच्या हवेत जन्मली, आणि तिचा निवेदक अमीर अली हा स्वतः ठगच आहे. ठगांविषयीच्या त्या साऱ्या चित्रावर आधुनिक इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, कारण जीव वाचविण्यासाठी बोलणारा मनुष्य साहेबाला हवे तेच सांगण्याचा संभव असतो. तेव्हाचे वाटसरू, व्यापारी, तीर्थाला निघालेले यात्रेकरू यांची जबानी मात्र कोणत्याच दप्तरात नाही. ते मेले होते. सत्य गुन्ह्याच्या वाङ्मयाचा आपल्याकडचा पाया असा एकतर्फी साक्षीवर रचला गेला आहे, आणि चित्रपटाने तो वारसा न तपासता स्वीकारला.

मराठीत या वारशाशी सर्वांत थेट गाठ पडली ती राजदत्त यांच्या ‘माफीचा साक्षीदार’ या १९८६ च्या चित्रपटात. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात झालेल्या दहा खुनांचे, जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ओळखले जाणारे ते प्रकरण; मारेकरी चित्रकलेच्या महाविद्यालयातील विद्यार्थी, घरांत शिरण्यामागे लुटीचा हेतू, आणि टोळीतील एकाच्या माफीच्या साक्षीवर सिद्ध झालेला खटला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, आणि तीनच वर्षांत चित्रपट आला. राजदत्त हे आमच्या विदर्भातील धामणगावचे, सात्त्विक कौटुंबिक चित्रपटांसाठी नावाजलेले. त्यांनी नाना पाटेकरांना घेऊन हा विषय हाताळला याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. पाटेकरांच्या मुद्रेतील थंड क्रौर्य प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले. त्या घरांत मारली गेलेली माणसे राहिली नाहीत. याच प्रकरणाचे दूरचे सूत्र घेऊन अनुराग कश्यप यांनी ‘पाँच’ केला, तो सेन्सॉरच्या हरकतींत अडकून वर्षानुवर्षे चित्रपटगृहापर्यंत पोहोचला नाही, आणि त्यामुळे त्याच्याविषयीची चर्चा कलेपेक्षा बंदीचीच झाली. बंदी घातलेल्या चित्रपटाचे प्रामाणिक परीक्षण होऊ शकत नाही. त्याच्या बाजूने बोलणे हे स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणे होऊन बसते, आणि दोष दाखविणारा मनुष्य सेन्सॉरचा साथीदार ठरतो.

‘शूटआउट ॲट वडाला’ या २०१३ च्या चित्रपटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मनोहर अर्जुन ऊर्फ मन्या सुर्वे हा शिकलेला मराठी तरुण, ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याला जॉन अब्राहमच्या देहयष्टीत बसवून संजय गुप्ता यांनी जे उभे केले, त्यातील नाचगाण्यांवर परीक्षकांनी टीका केली ती योग्यच होती. पण गाणी काढून टाकली असती तरी तो चित्रपट सुधारला नसता, एवढे येथे नोंदवितो.

आता नागपूरविषयी. या शहराला चित्रपट नेहमी दुरून येत आला. सी. पी. बेरार या वितरणविभागाचे व्यापारी अमरावतीला व भुसावळला बसत, तेथून पेट्या सुटत, आणि मुंबईच्या वृत्तपत्रांतील अभिप्राय त्यांच्या आधी गाडीने येऊन पोहोचलेला असे. परक्याच्या नजरेने पाहिलेल्या गोष्टीवर आपला अभिप्राय बेतण्याची सवय त्यातून आम्हाला लागली. परंतु एका प्रकरणात हे चालले नाही, कारण ते आमच्याच जिल्हा न्यायालयात घडले होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगर या वस्तीतील स्त्रियांनी, आपल्यावर वर्षानुवर्षे अत्याचार करणाऱ्या व खंडणीसाठी घरे लुटणाऱ्या अक्कू यादव याला न्यायालयाच्या दालनातच ठार मारले. पुढे २०१४ साली सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले. या घटनेवरून २०२१ साली ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट आला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली तीन भागांची माहितीपटमालिका. हे प्रकरण दरोड्याचे नव्हे, हे मी जाणतो; तरीही या प्रस्तावनेत ते आणले याचे कारण असे की, ज्यांचे लुटले गेले त्यांच्या बाजूला कॅमेरा नेऊन ठेवला म्हणजे काय होते हे त्या मालिकेत दिसते. वस्तीतल्या बाया आपल्या अंगणात, आपल्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीत, सांगायचे तेवढेच सांगतात आणि उरलेले सांगत नाहीत. त्या गप्प राहतात तेव्हा दिग्दर्शक घाई करीत नाही. गुन्हेगार तेथे नायक होत नाही आणि राक्षसही होत नाही. तो एक शेजारी राहतो, ज्याची पोलिसांशी उठबस होती, आणि यामुळेच तो अधिक भयंकर वाटतो. मालिकेची प्रशंसा या कारणास्तव झाली, आणि जे परीक्षक गुन्हेगाराचा इतिहास पुरेसा खोलात शिरून मांडलेला नाही म्हणून असमाधानी राहिले, त्यांनी माझ्या दृष्टीने त्या कृतीच्या मुख्य गुणालाच दोष म्हटले.

बँकेच्या लुटीचा प्रश्न मात्र नागपुरात अजून पडद्यापर्यंत यावयाचा आहे, आणि तो जेव्हा येईल तेव्हा त्याची पारख करणे साऱ्यांत कठीण जाईल. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा पैसा सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी म्हणून खाजगी दलालांकडे गेला, आणि रोखे आलेच नाहीत. सव्वाशे कोटींवर रक्कम अडकली. त्या दलालांपैकी होम ट्रेड या कंपनीच्या जाहिरातींत आदल्याच काळात देशातील सर्वांत लाडके क्रिकेटपटू व चित्रपटतारे झळकले होते. डिसेंबर २०२३ मध्ये येथील न्यायालयाने बँकेच्या माजी अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली, व प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले. या साऱ्यात पिस्तूल नाही, बुरखा नाही, बाहेर चालू स्थितीत ठेवलेली मोटार नाही. आहेत त्या नस्त्या, ठरावांची प्रोसिडिंग, सही-शिक्क्यांची पत्रे, रोख्यांच्या पावत्या म्हणून आलेल्या छायाप्रती. आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आहे काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक या तालुक्यांतील शाखांपुढे पासबुक घेऊन उभा असलेला शेतकरी, ज्याला पेरणीच्या तोंडावर स्वतःच्याच ठेवीचे पैसे मिळेनासे झाले. तिजोरी फोडली गेली असती तर ती कोणी फोडली हे त्याला निदान समजले असते.

अशा विषयावर कोणी चित्रपट केला तर परीक्षकाला नेहमीच्या साधनांवर भागविता येणार नाही. वेग, थरार, कलाटणी या निकषांनी तो चित्रपट नापास होईल, कारण कागदावरच्या लुटीला वेग नसतो. ती वर्षभर चालते आणि तिचा शोध वीस वर्षे. सरकारी रोखा म्हणजे काय, तो प्रत्यक्ष ताब्यात न घेता त्याची किंमत चुकती करण्यास कोणाची मंजुरी लागते, जिल्हा बँक बुडाली म्हणजे गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे पीककर्ज कसे थांबते, हे त्याला समजून घ्यावे लागेल. आणि त्यासाठी मुंबईतील खास खेळाचे निमंत्रण पुरे पडणार नाही. एखाद्या तालुक्याच्या शाखेत सकाळी अकराच्या सुमारास जाऊन रांगेत उभे राहावे लागेल, काउंटरवरच्या लिपिकाशी बोलावे लागेल, आणि त्या लिपिकाने त्या दिवसांत लोकांना काय उत्तरे दिली, कोणत्या तोंडाने दिली, हे विचारून घ्यावे लागेल. पुढील लेखांचे लेखक हे काम अंगावर घेण्याइतके तयारीचे आहेत असा माझा विश्वास आहे, आणि त्यांच्यापैकी एकदोघांनी तरी ते घ्यावे असा माझा आग्रह मी त्यांच्याशी प्रत्यक्ष भेटीतही धरलेला आहे.

नागपूर